वास्तूचे जतन आणि शब्दांचे जतन : केपे येथील एका घराच्या निमित्ताने

दक्षिण गोव्यात केपे येथे, कुशावतीच्या काठी व चर्चच्या समोर, जोझे पावलु द आल्मेदा या पोर्तुगीज धर्माधिकाऱ्याने १७८७ साली बांधविलेले निवासस्थान आहे. एकविसाव्या शतकाच्या प्रारंभी त्याचा जीर्णोद्धार झाला. ‘पालासियु दु देआंव’ या नावाने ते अभ्यागतांस दाखविले जाते. अशा वास्तूंत दगड, चुना, लाकूड यांचे जतन होते. घराच्या अवयवांच्या नावांचेही होते काय, हे भाषाभ्यासकाने पाहावयास हवे.

‘बाल्कांव’ हा शब्द घ्यावा. ‘बाल्कनी’ म्हटले की मराठी वाचकापुढे वरच्या मजल्यावरील सज्जा उभा राहतो. गोव्यातील बाल्कांव म्हणजे पायऱ्या चढून लागणारा, छपराखालचा दर्शनी भाग. त्यात समोरासमोर बांधीव बैठका असतात. या बैठकीस कोंकणीत ‘सोपो’ म्हणतात. मराठीत मात्र ‘सोपा’ हा घराचा एक भागच होय. गोव्यात अर्थसंकोच झाला असे म्हणण्याचा मोह होतो. परंतु उलट क्रमही अशक्य नाही. पाटीवर नुसते ‘पोर्च’ लिहिले, की हा प्रश्नच पुसला जातो.

‘व्हरांड्या’ची गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे. संस्कृत ‘वरण्ड’शी त्याचे नाते जोडण्याची प्रथा आहे. पण वास्को द गामाच्या पहिल्या सफरीच्या (१४९७–९९) वृत्तान्तात हा शब्द कोणत्याही स्पष्टीकरणाविना येतो. तेव्हा तो पोर्तुगीजांस आधीच परिचित असावा, हा तर्क मला अधिक ग्राह्य वाटतो.

आशियाई भाषांतील पोर्तुगीज शब्दांचा संग्रह सेबाश्तियांव रुदोल्फु दालगादु यांनी १९१३ मध्ये प्रसिद्ध केला. ‘जनेल’, ‘चावी’ हे शब्द याच वर्गातले. त्यांपैकी ‘चावी’ तर मराठीत इतकी रुळली आहे, की तिचे परकेपण जाणवतही नाही. लिस्बनच्या आजच्या उच्चारात या शब्दाच्या आरंभी ‘श’ आहे. आपण ‘च’ राखला. ‘च’चा ‘श’ होण्याची क्रिया प्रमाण पोर्तुगीजमध्ये सतराव्या शतकापासून दिसते. म्हणजे आपली चावी त्यापूर्वीची असावी, केप्याच्या घराहूनही जुनी. अर्थात उत्तर पोर्तुगालच्या बोलींत ‘च’ अद्याप टिकून आहे. म्हणून केवळ या एका ध्वनीवरून कालनिर्णय करता येणार नाही, त्याला जुन्या मराठी कागदपत्रांतील नोंदींची जोड हवी.