बादलीच्या तळाशी उरलेली माती

गणपती ठरवायला कारखान्यात गेलं की हल्ली हमखास कानावर पडतं, 'इको-फ्रेंडली आहे ना?' लोक हे विचारू लागले याचा मला मनापासून आनंद होतो. पण त्याने नदीचं किती भलं होतं, हे कळायला मूर्ती पाण्यात गेल्यावर तिचं काय होतं ते पाहायला हवं.

मूर्तींसाठी वापरतात ते प्लास्टर ऑफ पॅरिस म्हणजे तापवलेला जिप्सम. साधारण दीडशे अंशांवर त्यातलं पाऊण हिस्सा पाणी उडून जातं आणि पांढरी भुकटी उरते. तिच्यात पाणी कालवलं की ती ते पुन्हा धरून ठेवते, सुईसारखे स्फटिक एकमेकांत गुंततात आणि अर्ध्या-पाऊण तासात मूर्ती साच्यात घट्ट होते. हलकी, स्वस्त, वाटेत सहसा न मोडणारी. कारखानदारांना ती सोयीची वाटली यात नवल नाही. पण घट्ट झालेलं हे प्लास्टर लिटरभर पाण्यात जेमतेम दोन-अडीच ग्रॅम विरघळतं. पाच किलोच्या मूर्तीला दोन हजार लिटर पाणी लागेल, आणि वेळ लागेल तो वेगळाच. म्हणून अनंत चतुर्दशीनंतर घाटावर हात, सोंडा, मुकुट पडलेले दिसतात.

शाडू या चिकणमातीची मूर्ती भाजत नाहीत, नुसती वाळवतात. गेल्या वर्षी आमच्या घरची वीतभर मूर्ती बादलीत ठेवली. आधी बुडबुडे आले, मग सोंड खचली, खांदे ओघळले. सकाळी तळाशी मऊ चिखल होता आणि वर गुलाबी रंगाचा पापुद्रा तरंगत होता. हा पापुद्रा विसरू नये. माती शाडूची असली तरी रंग तेलाचा असेल, तर तो पाण्यातच जातो.

आणि शाडू तरी कुठे विरघळतो? तो तळाशी बसतो. हजारो मूर्ती नदीत गेल्या तर तो गाळच. शिवाय ही माती बरीचशी गुजरातेतून खणून येते.

प्लास्टरवर पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने उपाय काढला. पाण्यात अमोनियम बायकार्बोनेट घातलं की प्लास्टरची चुनखडी होऊन तळाशी बसते आणि पाण्यात अमोनियम सल्फेट उरतं. ते खत म्हणून वापरता येतं.

कायद्यानेही वळण दिलं. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने 2020 मध्ये प्लास्टरच्या मूर्तींना मनाई करणारी मार्गदर्शक तत्त्वं काढली. 2025 च्या जुलैत मुंबई उच्च न्यायालयाने सहा फुटांपर्यंतच्या प्लास्टरच्या मूर्तींचं विसर्जन कृत्रिम तलावातच करायला सांगितलं. माझ्या मते घाटावरचा फरक खरा घडतो तो अशा तलावांनी आणि त्यातला गाळ वेळेवर उचलण्याने. लोकांच्या आवडीने मागणी तयार झाली, पण एकटी मागणी मूर्तीला नदीपासून दूर ठेवत नाही.

पुण्यात विसर्जनानंतरची शाडू माती गोळा करून मूर्तिकारांना परत देण्याचं काम चालतं. मळून घेतली की तिची पुन्हा मूर्ती होते. तुमच्या बादलीतलं वरचं पाणी निथळू द्या, पापुद्रा काढून टाका, चिखल सुकवून पिशवीत भरा आणि पुढच्या वर्षी मूर्ती ठरवायला जाताना ती सोबत न्या.