जुन्या चित्रपटांच्या नव्या प्रती : पेडण्या-डिचोलीतील प्रतीक्षा

चतुर्थीला पेडण्यास आप्तांकडे गेले की आरती आटोपल्यावर माटोळीखाली गप्पांचा फड जमतो आणि घरातले वडीलधारे कोल्हापूरच्या पाहुण्याला हटकून विचारतात, "काय हो, 'ब्रह्मचारी'ची स्वच्छ प्रत घरी पाहायला केव्हा मिळणार?" प्रश्न आपल्याला विचारला जातो यात नवल नाही. 1938 सालचा मास्टर विनायकांचा हा चित्रपट कोल्हापुरात स्थापन झालेल्या हंस पिक्चर्सचा. लेखन आचार्य अत्र्यांचे. नायिका मीनाक्षी शिरोडकर या माहेरच्या रतन पेडणेकर. आडनावातच गाव आहे म्हटल्यावर पेडण्याने त्या चित्रपटावर थोडा हक्क सांगितला, तर त्याला नावे कोण ठेवील?

या प्रतीक्षेला दुसरेही एक कारण आहे. 15 ऑगस्ट 1955 रोजी पेडणे तालुक्याच्या वेशीवर, पत्रादेवीला, निःशस्त्र सत्याग्रहींवर पोर्तुगीजांनी गोळ्या झाडल्या. त्यानंतर सीमा बंद झाली, ती 19 डिसेंबर 1961 रोजी गोवा मुक्त होईपर्यंत. याच वर्षांत अनंत माने यांचा 'सांगत्ये ऐका' (1959) आणि राजा परांजपे यांचा 'जगाच्या पाठीवर' (1960) आला. आपल्याकडे घरोघरी त्यांची चर्चा चालली होती, तेव्हा हाकेच्या अंतरावरील सावंतवाडीस जाणेही पेडणेकरांना सोपे नव्हते. त्या पिढीला जुन्या चित्रपटाची नवी प्रत म्हणजे हुकलेला सण पुन्हा साजरा करण्याची संधीच होय.

तरुण मंडळींची ओढ परदेशी चित्रपटांकडे. डी सिका यांचा 'बायसिकल थीव्ह्ज' (1948), ओझू यांचा 'टोक्यो स्टोरी' (1953) यांच्या नव्या तबकड्या ते परदेशातील नातलगांकडून मागवतात. मात्र अमेरिकेची डीव्हीडी पहिल्या विभागाची आणि आपले यंत्र पाचव्या विभागाचे; ब्लू-रेतही तेथला विभाग 'ए', आपला 'सी'. त्यामुळे हौसेने आणलेली तबकडी पुष्कळदा यंत्रात फिरतच नाही. मागवण्यापूर्वी हे पाहून घ्यावे. इंटरनेटवर हा त्रास कमी खरा. पण तेथला चित्रपट करार संपला की मुकाट्याने निघून जातो. कपाटातली तबकडी कोणी परत मागत नाही!

आता नवी प्रत म्हणजे नेमके काय? याचे उत्तर डिचोली तालुक्यातील नार्व्याला जाऊन शोधावे. दिवाडी बेटावरील सप्तकोटेश्वराचे देऊळ पोर्तुगीजांनी पाडले, पण लिंग भाविकांनी नदीपार नार्व्याला आणून जपले. म्हणूनच 1668 साली शिवछत्रपतींना तेथे जीर्णोद्धार करता आला. चित्रपटाचेही तसेच आहे. मूळ निगेटिव्ह किंवा एखादी बरी प्रत कोणीतरी जपलेली असावी लागते. मग ती धुऊन, एकेक चौकट यंत्राने टिपून, ओरखडे व डाग काढून, ध्वनी निवळून घ्यावा लागतो. सेकंदाला चोवीस चौकटी धरल्या, तर दोन तासांच्या चित्रपटात त्या 1,72,800 भरतात. सत्यजित राय यांच्या 'अपू'त्रयीच्या निगेटिव्हना 1993 साली लंडनमध्ये आग लागली. ती भाजलेली रिळे कोणी टाकून दिली नाहीत, म्हणून 2015 साली ते तिन्ही चित्रपट नव्या तेजाने जगापुढे आले. आपल्या 'श्यामची आई'चीही (1953) जीर्णोद्धार केलेली प्रत पणजीच्या चित्रपट महोत्सवात 2023 च्या नोव्हेंबरात दाखवण्यात आली. आचार्य अत्र्यांचा एक चित्रपट असा उजळून निघतो, तर 'ब्रह्मचारी'ची आशा का सोडावी?

पण जेथे लिंगच हरवले, तेथे देऊळ कशावर बांधणार? बाबूराव पेंटरांचा 'सावकारी पाश' (1925) हा कोल्हापूरचा अभिमान. तरुण शांताराम त्यात शेतकरी झाले होते. तो मूकपट आज कोठेही उपलब्ध नाही. 24 एप्रिल 1950 रोजी प्रदर्शित झालेला, अल जेरी ब्रागांझा यांचा पहिला कोंकणी चित्रपट 'मोगाचो आंवडो'; त्याचीही प्रत सापडलेली नाही. 2003 च्या जानेवारीत तर पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या ताब्यातील कित्येक जुनी रिळे आगीत गेली. अशा चित्रपटांची वाट नुसती पाहून ते येणार नाहीत.

म्हणून एक विनंती. कोल्हापुरात काय किंवा पेडण्या-डिचोलीत काय, जुन्या वाड्यांच्या माळ्यावर पत्र्याचे चपटे डबे, गाण्यांच्या पुस्तिका, जाहिराती पडलेल्या असण्याचा संभव आहे. दिवाळीच्या साफसफाईत ते भंगारात घालू नयेत. डबा उन्हात ठेवू नये, दिव्याजवळ नेऊ नये; जुनी नायट्रेटची फिल्म चटकन पेट घेते. पुण्याच्या संग्रहालयास कळवावे. पुढचे काम जाणकार करतील.

पुढच्या चतुर्थीला तोच प्रश्न पुन्हा होईल. तेव्हा, "काका, येईल हो, पण आधी तुमचा माळा पाहू या," असे म्हणून शिडी लावावी म्हणतो.