निदान रुग्णाआधी समुद्राचे!

१९८७ साली कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावर शिंपले खाऊन १००हून अधिक लोक आजारी पडले. उलट्या थांबल्या, पण काहींची स्मरणशक्ती कायमची गेली, काही जण दगावले. दोषी होते डोमोइक ॲसिड. हे विष सूक्ष्म शैवालात तयार होते, शिंपल्यांत साठते आणि शिजवूनही जात नाही. त्यावर उतारा नाही. म्हणून ते ताटात येण्याआधीच ओळखायला हवे.

कॅलिफोर्नियातील ‘मॉन्टेरे बे ॲक्वेरियम रिसर्च इन्स्टिट्यूट’ने त्यासाठी पाण्याखालची प्रयोगशाळाच बनवली. हे यंत्र स्वतः पाणी गाळते, शैवाल आणि विष तपासते व निकाल किनाऱ्यावर कळवते. आता ते स्वयंचलित पाणबुडीतही बसवले आहे. रुग्ण दाखल झाल्यावर आम्हा डॉक्टरांच्या हाती फारसे उरत नाही. वेळेवर इशारा मिळाला, तर शिंपल्यांची विक्री थांबवता येते.