जुने घर घेताना

श्रोतेहो, घर पाहावे बांधून, असे आपल्याकडे म्हणतात. पण दुसऱ्याने बांधलेले जुने घर घेताना काय पाहावे, हे काही ती म्हण सांगत नाही. मागच्या वर्षी आमच्या देवरीत एका स्नेह्यांवर हा प्रसंग आला. नोकरी संपत आलेली, भविष्यनिर्वाह निधीचे पैसे हाती येणार, आणि अक्षय तृतीयेला इसार द्यावा असा बेत. घर नुकतेच चुना मारून लख्ख केलेले. “सर, तुम्ही जरा बघून घ्या,” म्हणून ते मला घेऊन गेले. मी इंजिनिअर नव्हे, भूगोल शिकवणारा माणूस. तेव्हा भिंतीच्या आधी मी जमीन पाहिली.

आमच्याकडे कुठे मुरूम आहे, तर कुठे कन्हार, म्हणजे काळी चिकण माती. मुरमावरचे घर सहसा स्वस्थ बसते. कन्हार पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आकसते. घराच्या मधोमध ओलावा फारसा बदलत नाही. कडेची माती मात्र दरवर्षी खालीवर होते. म्हणून तडे बहुधा कोपऱ्यांशी आणि दारे-खिडक्यांच्या कोनांतून तिरपे निघतात. जुनी बोडी किंवा धानाची बांधी बुजवून घर उभे केले असेल, तर भराव दबत राहतो तो वेगळाच. शेजारच्या एखाद्या म्हाताऱ्या माणसाला विचारावे. कागदात नसते ते त्याला आठवत असते.

मग तडा दिसला की घाबरायचे का? तसे नाही. केसाएवढी रेघ पुष्कळदा नुसत्या गिलाव्यातली असते. घरमालकाला विचारून गिलावा थोडा खरवडावा. तडा विटांतून पायरीपायरीने गेला असेल आणि भिंतीच्या दुसऱ्या अंगालाही तिथेच दिसत असेल, तर शंका पायाची. तो वर रुंद असेल तर बहुधा भिंतीचे टोक खचते आहे; खाली रुंद असेल तर मधला भाग. दार चौकटीत अडकते का, फरशीवर ठेवलेली गोटी आपोआप घरंगळते का, हेही पाहावे. साधारण ५ मिलिमीटरपर्यंतचा तडा दुरुस्तीत निभावतो. १५ च्या पुढे गेला तर इंजिनिअरला दाखवल्यावाचून व्यवहार करू नये.

परंतु तड्याच्या रुंदीहून मोठा प्रश्न असा, की हालचाल थांबली आहे की चालू आहे? इटलीतील पिसाचा मनोरा ११७३ साली बांधायला घेतला. खालची माती मऊ असल्यामुळे बांधकाम चालू असतानाच तो कलला. शतकानुशतके तो उभा होता. तरी १९९० साली लोकांना बंद करावा लागला, कारण कल वाढतच होता. उंच राहिलेल्या उत्तर बाजूखालची माती हळूहळू काढून त्याला स्थिर केले आणि २००१ साली तो पुन्हा उघडला. मनोरा आजही कललेलाच आहे. वाढ थांबली, एवढेच!

आमच्या त्या घरात नव्या चुन्याखाली दोन तडे निघाले. समोरच्या भिंतीतला चांगला बोटभर रुंद, मागच्या कोपऱ्यातला अगदी बारीक. दोन्हींवर काचेची पातळ पट्टी आडवी ठेवून टोके सिमेंटने पक्की केली, शेजारी पेन्सिलीने तारीख लिहिली, आणि इसार दिवाळीपर्यंत लांबवला. स्नेही जरा नाराजच झाले. “मुहूर्त गेला हो,” म्हणाले. श्रावणात पाहतो तो मोठ्या तड्यावरची काच साबूत, आणि बारीक तड्यावरची फुटलेली!

मग इंजिनिअर बोलावला. त्याने कोपऱ्याशी खड्डा घेऊन पाया उघडा करून पाहिला. न्हाणीचे पाणी वर्षानुवर्षे तिथेच मुरत होते. पाण्याला पक्की मोरी काढून देणे आणि तेवढा पाया सावरणे, याचा खर्च किमतीतून वजा झाला, मगच इसार दिला. मोठ्या तड्यासाठीही इंजिनिअरचे मत घेतले. तो जुना, थांबलेला निघाला.

तेव्हा श्रोतेहो, उन्हाळ्यात पाहिलेले घर एकदा पावसाळ्यातही पाहा. आयुष्याची पुंजी घालायची, तर चार महिन्यांची कळ काही जड नाही.