नऊ धावांच्या आड राहिलेले भाऊसाहेब

जळगाव-धुळ्याकडे क्रिकेटच्या गप्पा रंगल्या की शेवटी विषय पुण्याच्या निवड चाचणीवर येतो. आमचा जिल्हा महाराष्ट्र क्रिकेट संघटनेत मोडतो, त्यामुळे रणजी खेळायची तर आमच्या पोराला रात्रीची गाडी पकडून पुणं गाठावंच लागतं. अशा वेळी मी हटकून भाऊसाहेब निंबाळकरांचा विषय काढतो. ते खानदेशातले नव्हेत, कोल्हापूरचे. पण भरपूर धावा करूनही दार उघडत नाही म्हणजे काय, हे त्यांच्या कारकिर्दीइतकं स्पष्ट मला दुसरीकडे कुठे दिसलेलं नाही.

जन्म 12 डिसेंबर 1919, कोल्हापूर. रणजी पदार्पण 1939-40 च्या हंगामात, निवृत्ती 1964-65 च्या सुमारास. मधल्या पंचवीस वर्षांत बडोदा, महाराष्ट्र, होळकर, रेल्वे, राजस्थान असे कितीतरी संघ. फलंदाजी मुख्य; गरज पडली तर मध्यमगती गोलंदाजी आणि यष्टिरक्षणसुद्धा.

आता पूना क्लबच्या मैदानावर येऊ. डिसेंबर 1948, महाराष्ट्र विरुद्ध काठियावाड. पाहुण्यांचा पहिला डाव 238 धावांत आटोपला. मग निंबाळकर आणि के. व्ही. भांडारकर यांनी दुसऱ्या विकेटसाठी 455 धावांची भागीदारी केली. भांडारकर 205 वर बाद झाले, निंबाळकर खेळतच राहिले. तिसऱ्या दिवशी सुटीसाठी खेळ थांबला तेव्हा महाराष्ट्र 4 बाद 826 आणि निंबाळकर नाबाद 443. एकूण 494 मिनिटं, 49 चौकार, एक षटकार. डॉन ब्रॅडमननं 1930 मध्ये सिडनीत क्वीन्सलँडविरुद्ध केलेल्या नाबाद 452 धावांचा विश्वविक्रम गाठायला नऊ धावा हव्या होत्या, मोडायला दहा.

आपण विक्रमाच्या इतके जवळ आलो आहोत हे निंबाळकरांना ठाऊकच नव्हतं. त्यांना ते सुटीत कळलं. तोवर काठियावाडचे कर्णधार, राजकोटचे ठाकोरसाहेब, यांचा निर्णय झाला होता: डाव घोषित करा, नाहीतर आम्ही निघालो. आपल्या संघाचं नाव असल्या विक्रमाखाली कायमचं छापलं जाऊ नये, एवढीच त्यांची काळजी. महाराष्ट्राचे कर्णधार राजा गोखले यांनी आणखी थोडा वेळ खेळण्याची विनंती केली. ती मानली गेली नाही. काठियावाडनं सामना सोडला, सामान बांधलं आणि स्टेशन गाठलं.

या माघारीचा मला अजूनही राग येतो. पराभव तर ठरलेलाच होता. दोन-तीन षटकं टाकली असती तर ठाकोरसाहेबांचं काय गेलं असतं? उलट पळून गेल्यामुळेच त्यांचं नाव टिकलं. याच काठियावाडच्या जागी पुढे सौराष्ट्राचा संघ आला आणि त्या संघाकडून रवींद्र जडेजानं तीन त्रिशतकं ठोकली. त्या तीन प्रतिस्पर्ध्यांपैकी कुणी मैदान सोडलं नाही.

पण वर्षानुवर्षं ही आकडेमोड चाळल्यावर माझं मत असं झालंय की या नऊ धावांच्या हळहळीनं निंबाळकरांचं नुकसानच केलं. त्यांचं नाव निघालं की लोक ठाकोरसाहेबांवर बोलतात आणि निवड समितीवर कुणी बोलत नाही. तारखाच पाहा. त्याच हिवाळ्यात जॉन गोडार्डचा वेस्ट इंडीज संघ भारतात होता. मुंबईची दुसरी कसोटी संपून आठवडाही झाला नव्हता, तेव्हा निंबाळकर पुण्यात 443 करत होते. कलकत्त्याची कसोटी 31 डिसेंबरला सुरू झाली. पुढे मद्रासची, मग पुन्हा मुंबईची. तिन्ही संघांत त्यांचं नाव नाही. त्या वेळी हजारे, रूसी मोदी, मुश्ताक अली असे भरात असलेले फलंदाज संघात होते, हे मान्य. पुण्याची खेळपट्टी धावांची खाण होती, हेही मान्य; त्याच हंगामात तिथे झालेल्या मुंबई-महाराष्ट्र सामन्यात दोन्ही संघांच्या मिळून 2376 धावा झाल्या. पण मग रणजीतल्या 3687 धावा आणि 56.72 ची सरासरी? ती काही एका मैदानावर उभी राहिलेली नाही. एवढ्या संघांकडून, एवढ्या गावांत, मॅटवर आणि हिरवळीवर खेळून ती आली आहे. प्रथम श्रेणीत 80 सामने, 4841 धावा, 12 शतकं. तरी वाट्याला आला राष्ट्रकुल संघाविरुद्धचा एक अनधिकृत कसोटी सामना, बस्स.

होळकर संघाबद्दल मला विशेष जिव्हाळा आहे, कारण इंदूर आम्हाला पुण्यापेक्षा परकं कधी वाटलंच नाही. धुळ्याहून आग्रा रोडनं शिरपूर, सेंधवा करत घाट चढलं की माळवा लागतो. त्या इंदुरात सी. के. नायडूंच्या हाताखाली चार वेळा रणजी करंडक जिंकणारा संघ घडला, आणि पुढे निंबाळकरही त्या संघाकडून खेळले. 2002 मध्ये क्रिकेट मंडळानं त्यांना जीवनगौरव पुरस्कार दिला, तोही याच नायडूंच्या नावाचा. भाऊसाहेब 11 डिसेंबर 2012 रोजी कोल्हापुरात वारले, त्र्याण्णवाव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी.

पुढे हनीफ मोहम्मदनं 499 केल्या, 1994 मध्ये लारानं नाबाद 501. म्हणजे त्या दहा धावा मिळाल्या असत्या तरी विश्वविक्रम 1959 पर्यंतच टिकला असता. कसोटीची टोपी मात्र कुणाला मोडता आली नसती.