शेंद्रीचे स्टेशन आणि गाडीचा भार

गाळप हंगाम संपल्यावर पाय मोकळे करावेत म्हणून आम्ही एक दिवस शेंद्रीला जाऊन आलो. कुर्डुवाडी-बार्शी मार्गावरचे हे आडबाजूचे स्टेशन. पिवळी पाटी, लिंबाची सावली, भोवती शेतं. इथे पाहायचं काय, असं कुणीही विचारील. पण रेल्वेचा नाद असलेल्याला या पट्ट्यात पुष्कळ आहे.

१८९७ साली कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनियरने कुर्डुवाडी ते बार्शी छोटी गाडी सुरू केली. तीच बार्शी लाइट रेल्वे. रुळांतले अंतर अवघे अडीच फूट. रूळ हलके, म्हणून एका आसावर पाच टनांहून जास्त भार पडू द्यायचा नाही, हा दंडक. इंजिन असो की वाघीण, वजन सगळ्या चाकांवर सारखे वाटलेले. याच जोरावर तिने बार्शीचा माल आणि पंढरीचे वारकरी वाहिले. १९२७ पर्यंत ती लातूरपासून मिरजेपर्यंत पोचली. २००८ साली कुर्डुवाडी-बार्शी मार्ग ब्रॉडगेज झाला.

सभासद बंधूंनो, आपल्या कामाची गोष्ट ती हीच. बैलगाडीत मोळ्या मागे जास्त पडल्या की गाडी उलार होते, पुढे पडल्या की बैलांच्या मानेवर येते. ट्रेलरचेही तसेच. एक खेप वाढली तरी चालेल. गाडी बेताने आणि सारखी भरा. मोडलेला आस नवा मिळतो, सोललेली मान हंगामात भरून येत नाही.

शेंद्रीला जाणाऱ्यांनी मात्र परतीची गाडी आधी पाहून ठेवावी.