बुधवारचा ओटा : प्रत्येक छंदाचा धंदा करायचा नसतो!



परवाच्या व्हिडिओत मी हाताच्या भरतकामाचा दर कसा काढायचा ते सांगितलं. त्याखाली बऱ्याच जणींचा एकच प्रश्न आला : "ताई, आम्ही पाच-सहा मैत्रिणी दुपारी एकत्र बसून भरतकाम करतो. याचा बिझनेस कसा करायचा?"

आज त्याचं उत्तर देते. पण आधी सांगते की मी स्वतः हे करायला गेले होते आणि तोंडावर आपटले होते. बीबीए झालेली, दुकान चालवणारी, दुसऱ्यांना शिकवणारी बाई, तरीही आपटले! म्हणून हे शेवटपर्यंत वाचा.

ओट्यावरची सुरुवात

सटाण्यात माझं मॅचिंग सेंटर आहे. अस्तर, फॉल, लेस, दोरे, रिंगा. दुपारी दोन ते चार गिऱ्हाईक कमी असतं. त्या वेळात दुकानामागच्या ओट्यावर आम्ही सहा-सात जणी बसायला लागलो. दिवस ठरला बुधवार. कुणी उशीच्या अभ्र्यावर साखळी टाका घालायचं, कुणी रुमालावर दांडी टाका, कुणी मुलीच्या फ्रॉकवर लेझी डेझीची फुलं. आमच्यातल्या सगळ्यात मोठ्या मावशींना हे नवे टाके येत नव्हते. त्यांना एकच येत होता, धावदोरा. त्या गोधडी शिवायच्या.

आपल्यातल्या अनेकींना वाटतं की भरतकाम म्हणजे रेशमी दोरे आणि फुलंपानं, आणि गोधडी म्हणजे जुन्या लुगड्यांचं गाठोडं. तसं नाही. बंगालचा कांथा, बिहारची सुजनी, जपानची साशिको, या सगळ्यांचा पाया हाच आपला धावदोरा आहे. साशिको तर शेतकरी आणि कोळी घरांत फाटके कपडे टिकवण्यासाठी सुरू झाली. आज तिचे वर्ग चालतात, तयार किट विकले जातात. आपल्याकडे गीता खंडेलवाल यांनी महाराष्ट्रातल्या गोधड्यांवर स्वतंत्र पुस्तक केलं आहे. म्हणजे आपल्या आजीच्या हातात जी कला होती, ती जगाच्या बाजारात बसणारी होती. फक्त आपण तिला कधी कला म्हटलं नाही.

मावशींची पद्धत बघण्यासारखी होती. खाली जुन्या सुती नऊवारीचं कापड, मध्ये थर, वर चांगले तुकडे. आधी चारही बाजूंनी मोठे कच्चे टाके. मग कडेपासून सुरुवात आणि गोल गोल फिरत मध्यापर्यंत. मध्य बंद करण्याआधी त्या चिमूटभर तांदूळ आत घालायच्या. "गोधडीचं पोट रिकामं ठेवू नये," म्हणायच्या. माझी आजीसुद्धा हेच करायची.

मी केलेला शहाणपणा

पहिले सहा-सात महिने छान गेले. मग माझ्यातली बीबीए जागी झाली. सात जणी, दर आठवड्याला दोन तास, हातात कला, आणि कमाई शून्य! मला ते बघवेना.

ओळखीतून बाहेरगावच्या एका दुकानाची ऑर्डर आणली. 40 कुशन कव्हर, हाताचं भरतकाम, एक नमुना, पंचवीस दिवस, नग 180 रुपये. मी कागदावर 7,200 लिहिलं आणि ओट्यावर पेढे वाटले.

आता खरा हिशोब बघा. हा मी आधी करायला हवा होता, नंतर केला.

- कापड, दोरा, चेन : नगाला 45 रुपये, 40 नगांचे 1,800 रुपये.
- उरले 5,400 रुपये.
- एका कव्हरला लागले पाच तास. 40 नगांचे 200 तास.
- म्हणजे तासाला 27 रुपये.

इथपर्यंतही ठीक, असं मी स्वतःला समजावलं. पण माल गेल्यावर 13 नग परत आले. कारण? सात जणींचे सात हात. एकीचा टाका बारीक, एकीचा मोठा, एकीचा दोरा ओढलेला, त्यामुळे कापड गोळा झालेलं. दुकानदाराचं चुकलं नव्हतं, त्याला सारखा माल हवा होता. पैसे मिळाले 27 नगांचे, 4,860 रुपये. सामानाचे 1,800 वजा केले तर उरले 3,060. भागिले 200 तास. तासाला पंधरा रुपये तीस पैसे.

पैसे वाटायला बसलो तेव्हा एक वहिनी शांतपणे म्हणाल्या, "यापेक्षा कांदे लावायला गेले असते तर बरं झालं असतं." बागलाणात राहणाऱ्यांना या वाक्याचा अर्थ वेगळा सांगायला नको.

पण पैशाचं दुःख लहान होतं. मोठं दुःख वेगळं होतं. परत आलेल्या 13 नगांपैकी सहा मावशींचे होते. त्यांना तो नमुना नीट दिसत नव्हता, त्यांनी सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही. कुणीतरी ओट्यावर बोलून गेलं, "मावशींमुळे आपले पैसे बुडाले." पुढच्या बुधवारी मावशी आल्या नाहीत. त्याच्या पुढच्या बुधवारी अजून दोघी आल्या नाहीत. महिनाभरात ओटा रिकामा झाला.

मंडळी, धंद्यात तोटा झाला तर भरून काढता येतो. पण ज्या दोन तासांत बाई घरातलं सगळं विसरून बसते, ते दोन तास मी माझ्या हाताने मोडले होते. त्याची नोंद कुठल्याच वहीत होत नाही.

ओटा परत कसा भरला

तीन महिने गेले. थंडी सुरू झाली होती. डिसेंबरात आपल्याकडे रात्री कशी थंडी पडते तुम्हाला माहीत आहे. एका दुपारी मावशी पिशवी घेऊन दुकानात आल्या. पिशवीत अर्धी शिवलेली लहान गोधडी.

"बसू का गं ओट्यावर? घरी एकटीला शिवायला करमत नाही."

मी विचारलं, "कुणासाठी?"

त्यांच्या गावाजवळ ऊसतोडीच्या टोळ्या उतरल्या होत्या. कोपीत तान्ही मुलं होती. मावशींनी पाहिलं, घरी आल्या आणि जुनं लुगडं काढलं. एवढंच.

आपण ज्या गावात राहतो तिथलं दैवत कोण? देव मामलेदार यशवंतराव महाराज. 1870-71 च्या दुष्काळात लोकांची उपासमार बघून सरकारी खजिना उघडणारा अधिकारी. त्यांच्या यात्रेत आपण दरवर्षी पाळण्यात बसतो, भेळ खातो. पण त्या माणसाने केलं काय, तर हातात जे होतं ते गरजेच्या वेळी बाहेर काढलं. मावशींच्या हातात धावदोरा होता.

मी बाकीच्या सगळ्यांना फोन केला. "ऑर्डर नाही, पैसे नाहीत, कुणी नग मोजणार नाही. बुधवारी या." पाच जणी आल्या. त्या हिवाळ्यात आम्ही अकरा लहान गोधड्या दिल्या.

गंमत बघा. कुशन कव्हरच्या वेळी सात हातांचे सात टाके हा दोष होता. गोधडीत तो दोष राहिलाच नाही. मूल टाके मोजत नाही.

इथेही एक चूक केली

उत्साहाच्या भरात आम्ही पाच गोधड्या खूप सजवल्या. आभले, मणी, कोपऱ्यांना लटकन. एका बालसंस्थेत घेऊन गेलो. तिथल्या ताईंनी कौतुक केलं आणि पाचही परत दिल्या. मणी तोडून मूल तोंडात घालतं. आभल्याची कड लागते. शिवाय तिथे सगळे कपडे गरम पाण्यात धुतात, लाल कापडाचा रंग सगळ्यांना लागला असता.

आम्हाला वाईट वाटलं, पण त्या बरोबर होत्या. आम्ही आमच्या हौसेसाठी शिवलं होतं, मुलांसाठी नाही. ग्राहकाला न विचारता माल बनवायचा नाही, हे मी तुम्हाला व्हिडिओत दहा वेळा सांगते. दान घेणाराही ग्राहकच असतो. त्याला नाही म्हणणं जास्त अवघड जातं, म्हणून आपण आधी विचारायचं.

एका लहान गोधडीचं गणित

तुमच्या गटाला करून बघायचं असेल तर आमचं माप घ्या. तीन फूट बाय चार फूट. टाक्यांच्या ओळींमध्ये एक इंच अंतर ठेवलं तर ओळींची एकूण लांबी 144 फूट होते, म्हणजे साधारण 44 मीटर. आमच्या ओट्यावर गप्पा मारत एक बाई तासाला चार मीटर शिवते. म्हणजे अकरा तास. एकटीला पाच-सहा बुधवार लागतील. दोघी समोरासमोर बसल्या तर तीन.

दोरा वर-खाली जातो म्हणून 44 मीटरला साठेक मीटर दोरा धरा. भरतकामाची सहा पदरी लडी आठ मीटरची असते. तीन-तीन पदर वेगळे केले तर एका लडीतून सोळा मीटर निघतात, म्हणजे चार लड्या. जाड सुती दोऱ्याचं रीळ घेतलं तर अजून स्वस्त पडतं. (दुकानदार असून हे सांगतेय, लक्षात ठेवा!)

कापड सुती आणि धुतलेलंच घ्या. रंग पक्का आहे का ते बघायला तुकडा गरम पाण्यात भिजवा आणि पांढऱ्या फडक्यावर दाबा. डाग पडला तर तो तुकडा बाजूला.

आता यातला धंद्याचा धडा. तासाला 60 रुपये धरले तर मजुरीच 660 रुपये झाली. दोरा आणि काठाचं कापड मिळून शंभर. म्हणजे 760 च्या खाली विकली तर तोटा, आणि यात नफा अजून धरलेलाच नाही. बाजारात लोक याच गोधडीला चारशे म्हणतात. मग स्वतःला विचारा, चारशेला विकून मन मारायचं, की मनापासून देऊन टाकायची, की हजार देणारं गिऱ्हाईक शोधायचं? तिन्ही रस्ते वेगळे आहेत. मी तिन्ही एकत्र केले, तिथे फसले.

आमचे आजचे नियम

1. बुधवार छंदाचा. त्या दिवशी ओट्यावर ऑर्डर, दर, उधारी हे विषय बंद. कुणी काही शिवलं नाही, नुसता चहा पिऊन गेली तरी चालतं.

2. धंदा शनिवारी, आणि ज्यांना हवा त्यांचाच. आमच्यातल्या तिघींना खरंच कमवायचं होतं, चौघींना नव्हतं. हे मी आधी विचारलंच नव्हतं. आता तिघी ऑर्डरचं काम घेतात. आधी चार इंचाचा नमुना तुकडा, तो पास झाला तरच पुढे. एक नग पूर्ण एकाच हाताने.

3. दोन वह्या. दानाचं सामान वेगळं, धंद्याचं वेगळं. दानासाठी कुणी दिलेलं कापड विक्रीच्या मालात जाणार नाही. एक पदर दोरासुद्धा नाही.

4. दया विकायची नाही. "गरीब बायकांनी बनवलंय, घ्या ना" असं म्हणून माल विकायचा नाही. 1959 साली मुंबईत गिरगावात सात बायकांनी 80 रुपये उसने घेऊन लिज्जत पापड सुरू केला. तेव्हाच त्यांनी ठरवलं होतं की देणगी मागायची नाही. पापड चांगला म्हणून विकला जाईल. तो तसाच विकला गेला.

5. देणाऱ्याचा फोटो नाही, घेणाऱ्याचा तर नाहीच. मुलाच्या अंगावर गोधडी टाकून फोटो काढून स्टेटसला ठेवणं आम्ही बंद केलं. गोधडीचा फोटो काढा, ती तुमची कला आहे.

मोठ्या प्रमाणावरही हे होऊ शकतं. 2016 च्या जानेवारीत चेन्नईत 'मदर इंडियाज क्रोशे क्वीन्स' या गटाने 11,148.5 चौरस मीटरचं क्रोशाचं ब्लँकेट जोडून गिनीज विक्रम केला. बायकांनी आपापल्या घरी बसून तुकडे विणले होते. नंतर ती ब्लँकेटं गरजूंना देण्यात आली. विक्रम झाला, दान झालं, आणि हजारो हात एकमेकींच्या ओळखीचे झाले.

ज्यांना धंदाच करायचाय त्यांच्यासाठी

पीएम विश्वकर्मा योजनेच्या 18 व्यवसायांत शिंपी आहे, पण भरतकाम असं वेगळं नाव नाही. त्यामुळे फॉर्म भरून देतो म्हणून कुणी पैसे मागितले तर सावध राहा. हस्तकला कारागिरांसाठी केंद्राच्या वस्त्रोद्योग मंत्रालयाचं पहचान कार्ड असतं, त्याची चौकशी करा. उद्यम नोंदणी मोफत होते. बचत गटात असाल तर उमेदच्या तालुका कार्यालयात सरस प्रदर्शनाबद्दल विचारा.

या आठवड्याचा गृहपाठ

तुमच्या मैत्रिणींना एकत्र बसवा आणि प्रत्येकीला एकेकटीला विचारा : तुला यातून काय हवंय? पैसे, दोन तासांची सोबत, की कुणासाठी तरी काही केल्याचं समाधान? सगळ्यांसमोर विचारू नका, सगळ्यांसमोर बाई खरं सांगत नाही. उत्तरं कागदावर लिहा. मगच ठरवा.

मावशी अजून येतात. डोळ्यांचं ऑपरेशन झालंय, सुईत दोरा आता माझी मुलगी ओवून देते. मागच्या बुधवारी तिने विचारलं, "आजी, हे तांदूळ आत कशाला?" मावशी म्हणाल्या, "ज्याच्या अंगावर जाईल, त्याचं पोट भरलेलं राहू दे म्हणून."

तुमच्या ओट्याबद्दल मला जरूर कळवा. भेटू पुढच्या भागात!